कोयशीचे निळे डोळे

सावरगावात बारमाही भाजीपाला करणारं घर एकच होतं, ते बयनाबाईचं. आदिलाबादकडच्या तलमडुगुच्या त्या पट्ट्यात सगळे कापूस आणि ज्वारी पेरायचे. भाजीची हिंमत कोणी करत नसे, कारण नाल्यापलीकडं पळसाचं रान होतं आणि त्या रानातली वानरं एका सकाळी महिन्याची मेहनत खाऊन जायची. बयनाबाईनं ती हिंमत केली ती एका काळ्या कुत्रीच्या जोरावर.

ही कुत्री मंचेरियलची. ऐंशी सालच्या उन्हाळ्यात बयनाबाईचा नवरा फकिरा तिकडं कोळसा भरायच्या कामावर गेला होता. पावसाळ्याच्या तोंडाशी परत आला तो खोकला घेऊन आणि घोंगडीच्या घडीत एक पिल्लू घेऊन. कोळशाच्या ढिगापाशी सापडलं म्हणाला. पिल्लू इतकं काळं होतं की बयनाबाईनं आधी त्याला दोन हंडे पाणी घालून धुतलं. पाणी काळं झालं, पिल्लूही काळंच राहिलं. तिचं नाव कोळशी ठेवलं, आणि गावच्या जिभेवर त्याचं कोयशी झालं.

बयनाबाई लाड करणारी बाई नव्हती. हाडापेरानं मोठी, आवाजानं त्याहून मोठी, बाजारात बसली की चार दुकानांपलीकडच्या गिऱ्हाइकाला तिथूनच बोलवायची. तिच्या लाड न करण्याला कारण होतं. लाड कसे करतात ते तिनं पाहिलेलं नव्हतं. ती रांगत होती तेव्हाच तिची आई तापानं गेली. किनवटकडच्या मावशीनं तिला वाढवलं, चांगलं वाढवलं, पण पाच लेकरांत सहावं. आईचा फोटो नव्हता. आई कशी होती असं तिनं विचारलं की कोणी म्हणे गोरी होती, कोणी म्हणे सावळी. पुढं पुढं तिनं विचारणंच सोडून दिलं. कधी सकाळी जाग येताना एखादा चेहरा दिसल्यासारखा वाटे, पण तो मावशीचाच निघे.

कोयशी मोठी झाली तशी भाजीच्या वाडीची मालकीण झाली. वानरांची टोळी पळसाच्या शेंड्यावर हलली की इकडं हिचे कान उभे. दुसऱ्याच्या शेतातली माणसं तिला चालत, पण त्यांनी बांध ओलांडलेला चालत नसे. बाजाराच्या दिवशी बयनाबाई डोक्यावर टोपली घेऊन तलमडुगुला निघाली की ही मागं मागं, आणि दिवसभर टोपल्यांच्या आडोशाला पडून राही. बयनाबाई तिच्याशी दिवसभर बोलायची. म्हणजे भांडायची. पण तिचं ज्याच्याशी भांडण नसे त्याच्याशी तिचं काही नातंही नसे, हे घरच्यांना माहीत होतं.

अठ्ठ्याऐंशीच्या हिवाळ्यात एका सकाळी बयनाबाई वांग्याच्या ताटव्यात भाकर खात बसली होती. शेवटचा तुकडा तिनं कोयशीपुढं टाकला. तुकडा तिच्या नाकापासून वीतभर पडला. कोयशीनं हुंगलं, मान इकडं केली, तिकडं केली, आणि तोंड तुकड्याच्या शेजारच्या मातीला लावलं. बयनाबाईला वाटलं, पोट भरलं असेल. तेवढ्यात कोयशी ताडकन उठली आणि नाल्यापलीकडच्या बांधाकडं पाहून भुंकू लागली. बयनाबाईनं डोळ्यांवर हात धरून पाहिलं तेव्हा कुठं तिला त्या बांधावरून जाणारं कोल्हं दिसलं.

एवढ्या लांबचं कोल्हं दिसतं आणि पुढ्यातली भाकर दिसत नाही, हे काही तिच्या ध्यानात येईना. तिनं कोयशीचं तोंड दोन्ही हातांत धरून उन्हाकडं फिरवलं. कोयशीचे डोळे तपकिरी होते. आता त्यांच्या मधोमध, जिथं काळं असायला हवं तिथं, धुरकट निळं काहीतरी होतं. अळूच्या पानावर पहाटे निळसर झाक असते तसं. दोन्ही डोळ्यांत सारखं.

घरी येऊन तिनं सासूला सांगितलं. सासू सोजरबाई तेव्हा साठीच्या पुढं गेलेली होती आणि तिला स्वतःलाच धूसर दिसायचं. ती म्हणाली, म्हातारपण आहे, माणसाला येतं तसं ढोराला येतं, त्यात रडायचं काय. आणि खरंच त्यात रडायचं काही नव्हतं, जर त्याच महिन्यात गावात पिसाळलेलं कुत्रं आलं नसतं तर.

ते कुत्रं कुठून आलं कोणाला कळलं नाही. त्यानं एका वासराला आणि शेजारच्या वाडीतल्या एका गड्याला फाडलं. गड्याला आदिलाबादला नेऊन सुया टोचल्या, वासरू मात्र तडफडून मेलं. ते मरण गावानं पाहिलं. त्यानंतर पोलीस पाटील मारोतराव घरोघर फिरले. मारोतराव कठोर माणूस नव्हते. पण काही वर्षांमागं त्यांच्या बहिणीचा मुलगा असाच कुत्रं चावून गेला होता, पाण्याचा तांब्या पाहून किंचाळत गेला होता, आणि मारोतराव त्याच्या उशाशी होते. ज्या कुत्र्यात काही वेगळं दिसेल ते जिवंत ठेवायचं नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. बयनाबाईच्या अंगणात येऊन त्यांनी कोयशीला पाहिलं आणि ते दोन पावलं मागं सरले.

‘हे डोये कवापासून असे झाले?’ त्यांनी विचारलं.

बयनाबाईनं खरं सांगितलं. मारोतरावांनी लांबूनच वाकून पुन्हा पाहिलं. मग म्हणाले, की असे डोळे त्यांनी कधी पाहिले नाहीत, आणि गावात बाया म्हणतात की निळ्या डोळ्याच्या कुत्र्याला माणसाचं मरण आधी दिसतं. त्यावर त्यांचा विश्वास नाही. पण लेकरंबाळं आहेत, जोखीम नको.

‘बाजारापर्यंत थांबा, पाटील,’ बयनाबाई म्हणाली. तिचा आवाज त्या दिवशी पहिल्यांदाच कोणाला लहान वाटला. ‘मी तिले ढोराच्या दवाखान्यात दाखवतो. डॉक्टर म्हनन तसं करा.’

मारोतरावांनी बरं म्हणून मान हलवली आणि ते गेले.

बाजाराच्या दिवशी बयनाबाईनं टोपली फकिराच्या डोक्यावर दिली आणि स्वतः कोयशीच्या गळ्यात दावं बांधून चालली. कोयशीला दाव्याची सवय नव्हती. ती वाटभर वळून वळून बयनाबाईकडं पाहत होती, आणि ते निळे डोळे आपल्याकडं पाहताहेत की आपल्या पलीकडं, हे बयनाबाईला कळत नव्हतं. बायांचं बोलणं तिच्या कानात बसलं होतं. पूर्ण वाट तिनं कुत्रीच्या डोळ्याला डोळा दिला नाही.

ढोराच्या दवाखान्यातले राजन्ना डॉक्टर करीमनगरकडचे, पण या भागात इतकी वर्षं काढलेली की त्यांच्या मराठीत तेलुगू आणि तेलुगूत मराठी कालवलेली असायची. त्यांनी कोयशीला टेबलावर घेतलं नाही. खाली बसून तिचा जबडा पाहिला, लाळ पाहिली, पाण्याची वाटी पुढं ठेवली. कोयशी चटाचटा पाणी प्याली. ही पिसाळलेली नाही, ते म्हणाले, हिला काहीच रोग नाही. बयनाबाई मग डोळ्यांचं बोलली. आंधळी झाली का, असं तिनं विचारलं.

डॉक्टर उठले आणि त्यांनी तिला कोयशीला घेऊन आतल्या कोठीत बोलावलं, जिथं औषधांची खोकी असायची. दार लावलं, खिडकीवर पोतं टाकलं. कोठीत अंधार झाला. थोडं थांबायचं, ते म्हणाले, अंधारात तिच्या डोळ्याची बाहुली मोठी होऊ द्यायची. अंधारात तिघं उभी राहिली. कोयशीच्या श्वासाचा आवाज येत होता. मग डॉक्टरांनी बॅटरी आपल्या कानशिलाला टेकवून लावली आणि हातभर लांबून कोयशीच्या तोंडावर उजेड सोडला.

‘इकडं या, अम्मा. माझ्या डोक्याला डोकं लावून बघा.’

बयनाबाई वाकली. लाज वाटली तरी तिनं डॉक्टरांच्या डोक्याशी डोकं नेलं आणि पाहिलं.

कोयशीचे डोळे पेटलेले होते. दुसरा शब्द तिला पुढं आयुष्यभर सापडला नाही. उन्हात जिथं राखेसारखी निळी धूळ दिसत होती, तिथून आता हिरवा-सोनेरी उजेड बाहेर येत होता, आरपार, निवळ, विहिरीत वाकल्यावर तळातून आभाळ वर यावं तसा. त्या उजेडाच्या मधोमध एक बारीक गोल कडा होती. तेलाचा थेंब पाण्यावर तरंगताना जशी त्याची कडा दिसते, तशी. निळं कुठंच नव्हतं.

डॉक्टरांनी सावकाश समजावलं. कुत्र्याच्या डोळ्याच्या तळाशी आरशासारखा एक पडदा असतो, तो उजेड परत फेकतो. मोतीबिंदू असता तर उजेड वाटेतच अडला असता, डोळा काळा ठिक्कर राहिला असता. इथं तर तो जाऊन परत येतोय, म्हणजे वाट मोकळी आहे. ही पाहते.

‘मंग ते निळं काय हाय?’

डॉक्टर बाहेर आले, दाराशी फकिरानं ठेवलेल्या टोपलीतून त्यांनी एक कांदा उचलला आणि चाकूनं आडवा कापला.

‘डोळ्यात एक भिंग असतं, अम्मा. असं, कांद्यासारखं. पापुद्र्यावर पापुद्रा. आयुष्यभर वरून नवा पापुद्रा येत राहतो. केस गळतात, नखं तुटतात, पण हे बंद डबीत आहे, गळणार कुठं? मग जुने पापुद्रे आत दाबले जातात. दाबून दाबून मधला भाग घट्ट होतो. त्या घट्टपणाला उन्हात निळा रंग दिसतो. एवढंच. भिंग कडक झालं म्हणून जवळचं नीट दिसत नाही, लांबचं दिसतं.’

बयनाबाई कांद्याकडं पाहत होती. गेली कितीतरी वर्षं तिनं कांदे लावले, काढले, निवडले, विकले. पांढऱ्या कड्यांच्या आत कडी, आत आणखी कडी, आणि मधोमध एक हिरवा कोंब.

‘मंग हे साऱ्यात मंधातलं?’ तिनं बोट ठेवलं.

‘डोळ्यात ते पहिलं. पिल्लू आईच्या पोटात असतं तेव्हाचं.’

‘ते तसंच राह्यते?’

‘तसंच. त्याला काढून नवं घालायची सोय नाही.’

‘अन् मानसाचं?’

‘माणसाचं पण हेच,’ डॉक्टर म्हणाले, आणि पुढच्या बैलाकडं वळले.

परतीच्या वाटेवर नाल्याच्या उताराशी बयनाबाई थांबली. पाय धुवायचं निमित्त करून खाली बसली. फकिरा रिकामी टोपली घेऊन पुढं गेला, मग लक्षात आल्यावर तोही थांबला, पण हाक न मारता थांबला. कोयशी पाण्यात पुढचे पाय बुडवून उभी होती. बयनाबाईनं दिवसभरात पहिल्यांदा तिच्या डोळ्यांत नीट पाहिलं. त्या निळ्याच्या आत, सगळ्या आत, मंचेरियलचं ते पिल्लू होतं. घोंगडीतून ज्यानं पहिल्यांदा तिच्याकडं पाहिलं होतं ते. त्याच्यावर प्रत्येक वर्ष येऊन बसलं होतं, प्रत्येक हंगाम, प्रत्येक वानर, आणि काहीच पडून गेलेलं नव्हतं.

मग तिचा हात आपसूक स्वतःच्या डोळ्याकडं गेला. पापणीवरून तिनं बोट फिरवलं, दाबलं. आत काहीतरी गोल हललं. तिच्याही डोळ्यात मधोमध ते पहिलं होतं. रांगत्या पोरीचं, पाळण्यातल्या पोरीचं. आईनं तिला मांडीवर घेऊन पाजलं असेल तेव्हा आईचा चेहरा यातूनच आत गेला होता. चेहरा तिला आठवत नव्हता, पण ज्यातून तो पाहिला ते हरवलं नव्हतं. जन्मभर ती ते घेऊन हिंडत होती. बाजारात, वाडीत, भांडताना, झोपताना. दुसरं सगळं जग ती त्याच्यातूनच पाहत आली होती.

फकिरा जवळ आला तेव्हा ती रडत नव्हती. पाण्याकडं पाहत होती. तो शेजारी बसला, आणि सूर्य पळसाच्या रानावर येईपर्यंत दोघं तिथंच बसून राहिले.

संध्याकाळी मारोतराव आले. बयनाबाईनं डॉक्टरांचं म्हणणं सांगितलं, पण त्यांचा चेहरा काही सैल झाला नाही. तेव्हा तिनं त्यांना कडब्याच्या कोठीत नेलं, दार लावून घेतलं, आणि बॅटरी त्यांच्याच हातात दिली. कानशिलाला लावा म्हणाली. मारोतरावांनी लावली. मग त्यांनी हळूच बॅटरी विझवली आणि पुन्हा लावली, जणू पहिल्यांदा दिसलं ते खरं का पाहावं.

‘हिच्या आत कोनं दिवा लावला वं?’ ते म्हणाले.

कोयशीला त्यानंतर कोणी हात लावला नाही. उलट लोक पाहायला येऊ लागले. बयनाबाई सगळ्यांना दाखवत नसे. कुत्रीला त्रास होतो म्हणायची. पण ज्यांना दाखवायची त्यांच्या चेहऱ्याकडं ती पाहत राहायची. माणसं कोठीत बोलत बोलत शिरायची आणि गप्प होऊन बाहेर पडायची.

पुढची काही वर्षं कोयशी तशीच राहिली. निळं वाढत गेलं, पण ती वाडी राखत होती. बयनाबाईनं तिच्या म्हातारपणाची रीत शिकून घेतली. भाकर आता पुढ्यात टाकायची नाही, हातावरून हुंगवून द्यायची. तिन्हीसांजेला हाक मारल्याशिवाय जवळ जायचं नाही, नाहीतर दचकते. पायरी उतरताना ती थबकते, तेव्हा घाई करायची नाही. बयनाबाईसारख्या बाईनं पायरीपाशी उभं राहून कुत्रीची वाट पाहावी, हे पाहून सोजरबाई हसायची. तिचं ते हसणंही अंदाजानंच असायचं. तोपर्यंत तिला सून दारात उभी आहे की दाराचा खांब आहे हे नीट कळेनासं झालं होतं. आदिलाबादला डोळ्याचं शिबिर लागतं, तिथं चला, असं फकिरा दरवर्षी म्हणायचा आणि ती दरवर्षी म्हणायची की कापलेल्या डोळ्यापेक्षा धुरकट डोळा बरा.

एक्क्याण्णवच्या उन्हाळ्यात कोयशीच्या उजव्या डोळ्यात एक ठिपका दिसला. निळा नव्हे, पांढरा. शिजलेल्या ज्वारीच्या दाण्यासारखा. तो पसरत गेला. बयनाबाईनं कोठीचं दार लावलं, बॅटरी कानशिलाला लावली. डावा डोळा पेटला. उजवा पेटला नाही. त्याच्या मधोमध काळी सावली बसली होती, आणि उजेड तिच्या कडेकडेनंच काय तो थोडा झिरपत होता.

राजन्ना डॉक्टरांनी या वेळी कांदा कापला नाही. हा खरा मोतीबिंदू, ते म्हणाले, आणि डावाही जाईल. माणसाचा काढतात तसा कुत्र्याचा काढणारं इकडं कोणी नाही. पण काळजी करू नका, घरातलं सामान जिथल्या तिथं ठेवा, आणि तिला तिच्या नाकावर सोडा. पावसाळा सरता सरता डावाही पांढरा झाला.

मग बयनाबाईनं जे पाहिलं त्याची तिला कोणी कल्पना दिली नव्हती. आंधळी कोयशी पहिले काही दिवस खाटेखालून हलली नाही. मग एका सकाळी उठली आणि नाक जमिनीला लावून वाडीकडं निघाली. बयनाबाई मागं मागं. पाण्याचा पाट आला तशी कोयशीनं त्यात पाय घातला आणि ओल धरून चालू लागली. पाट जिथं वळतो तिथं वळली. कोथिंबिरीच्या वाफ्यापाशी थांबली, मेथीपाशी थांबली, वांग्याच्या ताटव्याला वळसा घातला. एक रोप तुडवलं नाही. शेवटी बांधावर जाऊन तिच्या नेहमीच्या जागी बसली आणि पळसाच्या रानाकडं तोंड केलं. दुपारी वानरं उतरली तेव्हा ती बयनाबाईच्या आधी भुंकली.

त्या हिवाळ्यात एक गोष्ट घडली. कोयशी बाजाराला जायचं सोडत नव्हती. डोक्यावरच्या कोथिंबिरीच्या वासामागं बरोबर चालायची. त्या दिवशी बाजारात एका लॉरीनं अगदी कानाशी भोंगा वाजवला आणि कोयशी उधळली. माणसांच्या पायांतून कुठं गेली, कळलं नाही. बयनाबाईनं माल तसाच टाकला आणि सगळा बाजार पालथा घातला. बस थांबतात तिथं पाहिलं, खाटकाच्या मागं पाहिलं, विहिरीत डोकावून पाहिलं. बोलावून बोलावून तिचा तो मोठा आवाज बसला. दिवस कलायला लागला तेव्हा ती घरी निघाली, आणि वाटेतल्या प्रत्येक खड्ड्यात वाकून पाहत आली.

अंगणात सोजरबाई बसली होती. तिच्या पायाशी कोयशी. पोटापर्यंत चिखलानं माखलेली, अंगभर कुसळं, एक कान फाटलेला. नाला ओलांडून, कापसाची सगळी शेतं ओलांडून ती आली होती, कोणी न दाखवता. सोजरबाई म्हणाली, की दुपारीच आली, पावलांचा आवाज ऐकला, हात लावला तर थरथरत होती. तेव्हापासून तिच्या पाठीवरचा हात म्हातारीनं काढलेला नव्हता.

बयनाबाई मातीतच बसली. तिनं कोयशीचं ओलं तोंड हातांत घेतलं. पांढरे डोळे तिच्याकडं वळले आणि नाक तिच्या कपाळावरून, नाकावरून, हनुवटीवरून फिरलं, सावकाश, काहीही न सोडता. आपल्याला इतकं नीट कधी कोणी पाहिलं नव्हतं असं बयनाबाईला वाटलं.

त्या दिवसापासून सोजरबाईचं आणि कोयशीचं जमलं. सकाळी म्हातारी काठी टेकत उठायची आणि एक हात कुत्रीच्या पाठीवर ठेवायची. कोयशी तिला सावकाश वाडीच्या कुंपणापर्यंत न्यायची आणि परत आणायची. गावातले लोक थांबून पाहायचे. हसण्यासारखं होतं, पण कोणी हसत नसे.

ब्याण्णवच्या पावसाळ्यात कोयशी गेली. आजारी पडली नाही. दुपारी बांधावर झोपली ती उठली नाही. फकिरानं तिथंच खड्डा केला. बयनाबाई दोन दिवस कोणाशी भांडली नाही.

सोजरबाई मात्र त्यानंतर अंगणाबाहेर पडेना. नेहमीच्या वेळी उठायची, हात शेजारी पुढं करायची, आणि मग खाली घ्यायची. दिवाळी झाल्यावर एका सकाळी तिनं सुनेला हाक मारली.

‘बयने, ते शिबिर कवा लागते?’

बयनाबाईनं चमकून पाहिलं. इतकी वर्षं नाही म्हणत होत्या, आता काय झालं, असं तिनं विचारलं.

‘कोयशीले नाक होतं,’ सोजरबाई म्हणाली. ‘मले नाई. मले घेऊन चाल.’

शिबिर आदिलाबादच्या एका शाळेत होतं. बाहेरगावचे डॉक्टर आले होते, बाकं जोडून खाटा केल्या होत्या. सोजरबाईला आत नेलं तेव्हा बयनाबाई दाराशी उभी राहिली. तिच्या मनात एक गोष्ट घोळत होती आणि ती विचारू की नको हे तिला कळत नव्हतं. शेवटी, सासूला बाहेर आणल्यावर, तिनं तिथल्या नर्सला विचारलंच, की आतून जे काढलं ते दिसेल का. नर्सला असं कोणी विचारलेलं नसावं. ती आत गेली आणि एका तबकात ओल्या कापसावर ठेवून घेऊन आली.

वाटाण्याएवढं होतं. चपटं. बाभळीच्या डिंकाचा खडा उन्हात धरावा तसं तांबूस पिवळं, कडेला दुधाळ. बयनाबाईनं ते हातावर घेतलं. त्याला वजन नव्हतं म्हटलं तरी चाललं असतं. सोजरबाईचं लग्न, तिच्या लेकरांची मरणं, रझाकाराच्या काळात रानात लपून काढलेले दिवस, फकिराचा जन्म, बयनाबाई सून म्हणून उंबऱ्यात आली तो दिवस, सगळं या एवढ्याशातून आत गेलं होतं. आणि अगदी आत, डिंकाच्या त्या रंगाच्याही आत, कुठंतरी नुकतं जन्मलेलं एक लेकरू होतं. शाळेच्या त्या व्हरांड्यात, माणसांच्या गर्दीत, बयनाबाईला आपण देवळात उभ्या आहोत असं वाटलं. चपला पायात आहेत का हे तिनं नकळत खाली पाहून घेतलं.

ते सोबत नेऊ का, असं तिनं विचारलं. नर्सनं एका रिकाम्या कुपीत स्पिरिट घालून ते तिला दिलं.

चष्मा मिळायला दीड महिना लागला. काचा इतक्या जाड होत्या की त्यांच्यामागं सोजरबाईचे डोळे बैलाच्या डोळ्यांएवढे दिसत. चष्मा लावून ती अंगणात बसली, आणि बयनाबाईनं कुपी तिच्या हातात दिली. काय आहे ते सांगितलं. राजन्ना डॉक्टरांनी सांगितलेलंही सगळं सांगितलं, कांद्याचं, पापुद्र्यांचं, पोटातल्या लेकराचं. सोजरबाईनं कुपी उन्हाकडं धरली. स्पिरिटमध्ये तो खडा कडेनं पांढरट झाला होता, पण मधला भाग अजून गुळासारखा होता. जो डोळा त्याच्यातून जन्मभर पाहत आला होता, तो आता त्याला पाहत होता.

‘इतकुसंच?’ ती शेवटी म्हणाली.

‘हाव. इतकुसंच.’

म्हातारीनं कुपी कितीतरी वेळ फिरवून फिरवून पाहिली. तिचे ओठ हलत होते, पण शब्द ऐकू येत नव्हते. मग तिनं ती पदराच्या टोकाला बांधली, काठी बाजूला ठेवली आणि उठली. कोणाचा हात न धरता ती वाडीपर्यंत गेली. बयनाबाई मागं चालत होती, पडली तर धरायच्या बेतानं. सोजरबाई वांग्याच्या ताटव्यात वाकली, एक पान उलटं केलं, दुसरं उलटं केलं, आणि ताठ उभी राहिली.

‘साऱ्या वांग्याले कीड लागून राह्यली,’ ती म्हणाली. ‘कोनाले दिसत नाई का या घरात?’